कमरेला लावायचं लोखंड

मित्रांनो, शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीचं मनोगत लिहिता, मोडक्या खुर्चीचं लिहिता, आटलेल्या विहिरीचंही लिहिता. वाचणाऱ्याला त्यांची दया यावी अशी तुमची इच्छा असते. माझी दया करू नका. मी पिस्तूल आहे, आता म्हातारं झालेलं, आणि मला माझी स्वतःची आणि माझ्यावर भाळणाऱ्यांची मनापासून शिसारी येते. ती कुठून आली, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा साचा फार जुना. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी फौजेसाठी तो काढला. तेव्हा तो माझ्याएवढाच होता. वीतभर लांब, किलोभर वजनाचा, पंजा भरून राहील अशा मुठीचा. पुढे लोकांची तक्रार आली की हे कपड्याखाली मावत नाही, फुगवटा दिसतो. मग त्याच साच्यातून एक आखूड भाऊ काढला. नळी दोन बोटं कमी, मूठ एक बोट कमी. आतला चाप, खटके, स्प्रिंगा सगळ्या त्याच आणि गोळीही त्याच मापाची. मला ज्या कारागिराने घडवलं त्याने माझ्या कडा कानशीने घासल्या, तेल पाजलं, मला उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. विळा करणारा लोहारही अशीच मान डोलावतो, पण विळ्याने निदान गवत तरी कापलं जातं.

मला विकत घेतलं किशनरावांनी. भोकरहून थोडं आत त्यांचं गाव. काळी जमीन, सोयाबीन, थोडी हळद. त्या भागात एकदा चोऱ्या झाल्या, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात, राहणाऱ्या लोकांना मारहाण झाली. किशनरावांचा आखाडा गावापासून लांब होता. घाबरून त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, कचेरीचे हेलपाटे घातले आणि तो मिळवला. मी घरात आलो आणि पुढच्याच पंधरवड्यात चोर पकडले गेले. माझं काम तिथेच संपलं होतं, पण आणलेली वस्तू परत कोण करतो?

मग मी दागिना झालो. किशनराव मला तपकिरी कातडी म्यानात घालून कमरेला लावायचे आणि लग्नाला निघायचे. पंगतीला मांडी घालून बसताना मी त्यांच्या पोटात रुतायचो, तरी काढायचे नाहीत. मांडवात शिरताच 'आण्णा आले, आण्णा आले' अशी हाक उठायची आणि पुढची खुर्ची रिकामी व्हायची. एकदा मला घरी विसरून गेले, तर मागच्या रांगेत बसावं लागलं म्हणून फुगून परत आले. केवळाबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लोक खुर्ची तुम्हाला देतेत का त्या कमरेच्या लोखंडाला, एकदा नीट इचारून घ्या."

मित्रांनो, कौतुक गोड असतं असं म्हणतात. मला मिळालेल्या कौतुकाला गुटख्याचा वास होता. जेवणं झाली की पुरुष मंडळी मला हातोहात फिरवायची. कुणाच्या बोटाला चुना, कुणाच्या बोटाला वरणाचं तूप. एक डोळा मिटून कुणी मांडवाच्या खांबावर नेम धरायचा, कुणी आचाऱ्याच्या पाठीवर. "काय वजन हाय!" म्हणायचे. त्या आचाऱ्याला काय वाटलं असेल, हे एकालाही सुचलं नाही. घरी आलो की मी कपाटात, केवळाबाईंच्या माहेरच्या लुगड्याखाली, डांबरगोळ्यांच्या सोबतीला. लुगड्याला माझ्या तेलाचा डाग पडला तेव्हा त्या खूप भांडल्या. डाग गेला नाही आणि मीही गेलो नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस काय ते सुखाचे.

त्या घरात मला कधीही हातात न घेणारी एकच व्यक्ती होती. किशनरावांची धाकटी मुलगी, सिंधू. ती पोलिस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून भोकरच्या रस्त्याला धावायची. एकदा किशनराव लाडाने म्हणाले, "धरून तर बघ, उद्या पोलिसात जायचंय तुला." ती म्हणाली, "सरकार देईल तवा धरीन, आण्णा. ते कामाचं असंल. हे कशाचं हाय?" किशनराव हसले होते. पोरीवर त्यांचा फार जीव. ती धावायची तेव्हा मोटारसायकल घेऊन मागे जायचे, घड्याळ लावायचे आणि घरी येऊन केवळाबाईंना सांगायचे, "लई दमाची हाय गं पोरगी. घेतेतच बघ तिला." त्या पहाटे ते मला कपाटातच ठेवायचे. त्यांचं तेवढं रूप मला आवडायचं.

किशनरावांचा मोठा मुलगा रामलिंग लातूरला होता. तिथे त्याचं सोयाबीनच्या आडतीचं दुकान. बापाला मिळणारी खुर्ची त्याने लहानपणापासून पाहिली होती. त्यानेही परवाना काढला आणि एका रविवारी गाडीतून उतरला तो कमरेला माझा आखूड भाऊ लावूनच. सोबत भुजंग नावाचा मित्र. रामलिंग गाडीतून उतरताना, गॉगल लावताना, मिशीवर हात फिरवताना त्याचे व्हिडिओ काढणं हा भुजंगचा मुख्य उद्योग होता.

ओसरीवर सतरंजी टाकली आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. मग तुलना सुरू झाली.

"आण्णा, तुमचं म्हंजे ट्रॅक्टर. आता हे बघा," रामलिंग म्हणाला.

किशनरावांनी धाकट्याला उचललं. "हलकं हाय बा. पर मूठ भरंना." त्यांची करंगळी खाली हवेतच लोंबत राहिली. आखूड मुठीवर तिला जागाच नव्हती.

"करंगळीचं काय काम त्यात? शर्टाखाली घातलं तर कोणाला पत्ता लागत न्हाई."

"मंग घालायचं कशाला? दिसलंच न्हाई तर लोकाला कळंल कसं?"

"बसताना शर्ट जरासा वर सरकवायचा, आण्णा. बराबर कळतंय."

भुजंग खो खो हसला. मला तिथल्या तिथे गंजून जावंसं वाटलं. मग दुपारभर तेच. लांब नळीने नेम सोपा जातो, आखूड हातात उसळतं. मोठ्यात गोळ्या जास्त, लहान खिशात मावतं. माळेगावच्या जत्रेत बैलाचे दात मोजावेत तसे ते आम्हाला उघडून, हलवून, हुंगून पाहत होते. पण जत्रेतला शेतकरी बैल पाहतो तो नांगराला जुंपायला. आम्हाला कशाला जुंपायचं, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

सिंधू पाण्याचा तांब्या ठेवायला आली. "दोन्हीनं एकच तर होतंय, दादा," ती म्हणाली. "मंग काय तोलून राहिले दुपारधरून?"

"तुला काय कळतंय? तू पळ आपली," रामलिंग म्हणाला. ती खरोखरच बूट घालून पळायला गेली.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा होते हे तुम्हाला ठाऊक आहेच. केवळाबाईंनी विळे, खुरपी, कुऱ्हाड घासून पाटावर मांडली. ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला. लातूरच्या दुकानातला एक तराजूही रामलिंगने आणला होता. मला ठेवलं, माझ्याशेजारी धाकट्याला ठेवलं. शेवटी सिंधू आली आणि तिने आपले धावायचे बूट धुऊन, वाळवून पाटाच्या कडेला ठेवले.

"बुटं? पूजेत?" रामलिंग खेकसला. "अक्कल हाय का?"

"ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्याचं हत्यार," सिंधू म्हणाली. "तुमचं पोट पिस्तुलावर हाय का, दादा?"

केवळाबाईंनी बुटांवर हळद-कुंकू वाहिलं. पाटावर मांडलेल्या सगळ्या वस्तूंत लाज वाटावी असे आम्ही दोघेच होतो.

पूजेआधी मला रिकामं करायचं, हा केवळाबाईंचा जुना दंडक. किशनराव तो पाळत आले होते. त्यांनी माझ्या गोळ्या काढून ताटलीत ठेवल्या, नळीत डोळा घालून खात्री केली. रामलिंगने मात्र कुरकुर केली. "वाघाचे दात काढून कोण पूजा करतं, माय?" त्या म्हणाल्या, "देवापुढं भरलेलं चालणार न्हाई. काढ." मग त्याने ऐटीत धाकट्याच्या मुठीतून गोळ्यांची पेटी खेचून काढली, सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "घे. झालं रिकामं." पण लातूरहून येताना रस्त्यात मिरवायला त्याने एक गोळी आधीच नळीत चढवून ठेवली होती. पेटी काढली तरी ती आतच राहते. शर्ट किती सरकवायचा हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आपल्या हातात काय आहे हे मात्र त्याने कधी शिकूनच घेतलं नाही. मला ती गोळी कळत होती. मित्रांनो, आम्हाला तोंड असतं ते फक्त नळीला.

आरती झाली, प्रसाद वाटला. सिंधूने बूट उचलले, कुंकू झटकलं आणि अंगणात पायरीवर बसून ती नाड्या बांधू लागली. मैदानी चाचणी जवळ आली होती, सणाचा दिवसही तिला वाया घालवायचा नव्हता. इकडे भुजंगने मोबाईल रोखला. "दादा, कुंकू लावलेलं हत्यार हातात घ्या. तोंड जरा रागीट करा." रामलिंगने धाकट्याला उचललं, तोंड रागीट केलं, हात अंगणाकडे लांबवला, सिंधूने वर पाहिलं आणि त्याने चाप ओढला.

आवाजाने अंगणातली कबुतरं उडाली. सिंधू पायरीवरून घसरून खाली बसली आणि आपल्या डाव्या पायाकडे पाहत राहिली. घोट्याखालचा बूट फाटला होता आणि त्यातून रक्त येत होतं. "आण्णा," एवढंच म्हणाली.

आता पुढचं सांगायचीही मला शिसारी येते. केवळाबाईंनी लुगड्याचा पदर फाडून पाय बांधला. रामलिंगने गाडी दारात आणली, पण पोरीला उचलण्याआधी तो बापाशी बोलला. "आण्णा, लायसन जाईल माझं. केस होईल. आडत बसंल. तुमचं वय झालंय, तुम्हाला कोण काय करणार? पुसताना सुटली म्हणा. तुमच्यातनं." भुजंग म्हणाला, "गोळी दोन्हीची एकच हाय, काका. कोण वळखतंय?" कालपर्यंत ज्या दोघांतला फरक मोजताना यांच्या जिभा थकत नव्हत्या, त्या दोघांत आता फरक नव्हता.

किशनरावांनी पाटावरून मला उचललं आणि हातात धरून ते गाडीजवळ उभे राहिले. गाडीत आडवी केलेली सिंधू म्हणाली, "आण्णा, तुम्ही बसा की माझ्यापाशी." केवळाबाईंनी गाडीचं दार धरून ठेवलं होतं. किशनरावांनी पाऊल उचललं, मग रामलिंगच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाऊल खाली ठेवलं. "व्हा पुढं. मी येतो मागून," ते म्हणाले. गाडी नांदेडच्या दवाखान्याकडे गेली.

ते मागून गेले नाहीत. त्यांनी ताटलीतली एक गोळी माझ्यात भरली, मला बांधावर नेलं आणि चिखलात झाडली. माझ्या नळीलाही दारूचा वास यावा म्हणून. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कामाला आलो आणि ते काम खोटं बोलायचं होतं. तोवर भुजंगने धाकट्याला पोत्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत पुरलं. मग किशनरावांनी मला टॉवेलात बांधलं आणि ठाण्यात जाऊन सांगितलं, "साहेब, माझ्या हातनं चूक झाली." टॉवेलाची गाठ सोडायला त्यांना फार वेळ लागला. ठाण्यातल्या लोकांना वाटलं, म्हातारा पोरीच्या दुःखाने खचला आहे.

तपासाला पुनम नावाच्या फौजदार बाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. सिंधूचा पाय पांढऱ्या पट्ट्यांत होता. उशाशी केवळाबाई, भिंतीला टेकून रामलिंग. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की चालता येईल. धावण्याचं विचारल्यावर त्यांनी फक्त चष्मा पुसला होता.

फौजदार बाईंनी मला तिच्यासमोर धरलं. "वडिलांच्या हातून सुटली म्हणतात. हेच ना ते?"

केवळाबाईंनी मुलीच्या केसांतून हात फिरवला आणि हळूच तिच्या कानाशी म्हणाल्या, "पोरी, भाऊ हाय तुझा. पाय तर गेलाच. घर तरी ऱ्हाऊ दे." ज्या बाईने आयुष्यभर माझा राग केला, तिच्याही तोंडून शेवटी आम्हीच बोललो. सिंधू आईकडे पाहत राहिली. खरं बोलली तर भाऊ तुरुंगात आणि माहेर तुटणार. खोटं बोलली तर ज्या वर्दीसाठी ती धावत होती, त्या वर्दीसमोर पहिलं वाक्य खोटं. मला वाटलं, ही पण हो म्हणणार. या घरात सगळेच हो म्हणतात.

"हे नव्हं, मॅडम," ती म्हणाली. "हे आण्णाचं. हे धरलं तर सगळी बोटं मुठीवर बसतेत. दादाचं आखूड हाय, करंगळी हवेत ऱ्हाते. मला लागली तवा मी हाताकडंच बघत होते. करंगळी लोंबत होती."

रामलिंगने तोंड भिंतीकडे केलं. भुजंगला ठाण्यात नुसतं बाकावर बसवलं, तेवढ्यानेच त्याने कोठी दाखवली. पुढे तपासणीतही गोळी धाकट्याचीच निघाली. रामलिंगवर खटला झाला, खोट्या जबाबासाठी किशनरावांचंही नाव त्यात आलं. दोघांना जामीन मिळाला. त्या वर्षीची भरती सिंधूशिवाय झाली. ती मावशीकडे देगलूरला राहायला गेली, कारण घरात तिच्याशी फक्त आई बोलत होती, तीही कुणी नसताना.

एवढ्यावर माणसांनी शहाणं व्हायला हवं होतं, नाही का? काही महिन्यांनी किशनरावांच्या वकिलाने कोर्टात अर्ज केला. गोळी लहान पिस्तुलातून सुटली, मोठ्याचा दोष नाही, तेव्हा ते आण्णांना परत मिळावं. का हवा होतो मी? गावात लग्नसराई सुरू झाली होती आणि किशनराव पुन्हा मागच्या रांगेत बसत होते. ते ऐकून मला जी किळस आली, ती आधी कधी आली नव्हती. सिंधूने सरकारी वकिलामार्फत हरकत घेतली.

सुनावणीला ती काठी टेकत आली. किशनराव दोन बाकं सोडून बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी खाली पाहिलं. आम्हा दोघांना चिठ्ठ्या बांधून टेबलावर ठेवलं होतं, पुन्हा एकदा शेजारी शेजारी.

न्यायाधीशांनी तिला शांतपणे विचारलं, "लहान पिस्तुलाबद्दल तुमचं म्हणणं समजलं. पण या मोठ्याने तर तुमचं काही केलेलं नाही. ते परत द्यायला हरकत का?"

सिंधूने काठी दुसऱ्या हातात घेतली. "लहानानं माझा पाय नेला, साहेब," ती म्हणाली. "मोठ्यानं माझे आण्णा नेले. मी गाडीतून बोलावत होते आणि ते ह्याला हातात घेऊन उभे होते. पायाचं मी बघून घेईन."

किशनरावांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. वकिलाने कागद गोळा केले. अर्ज नामंजूर झाला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारखे म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेल लावा. मी हात जोडून उलटं मागतो. मला पुसू नका. या मुद्देमालाच्या खोलीत ओल आहे, माझ्या नळीला तांबूस गंज चढू लागला आहे, तो चढू द्या. निकाल लागला की आम्हा दोघांना भट्टीत घालावं, एवढीच इच्छा आहे. पण माझे भाऊबंद बाहेर पुष्कळ आहेत आणि उद्या एखाद्या मांडवात तुमच्याही हातात कुणीतरी असलं लोखंड देईल. म्हणेल, धरून तर बघ, काय वजन हाय! तेव्हा हात मागे घ्या. आणि तुमच्या घरातलं कुणी तुम्हाला हाक मारत असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.